शेवटच्या सरीपर्यंत पाणी : सात फुटी समुद्री टाकीतल्या प्रवाहाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायची काचेची टाकी काल संध्याकाळी घरात आली. उचलायला आठ माणसं लागली. सात फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, काच १५ मिलिमीटर. नुसती काचच १९० किलोच्या पुढे. त्यात ९०० लिटर पाणी, खडक, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळवला की वजन दीड टनाच्या घरात जातं. म्हणून दुकानामागची तळमजल्याची खोलीच निवडली. तळमजला म्हटल्यावर सांगलीत पहिला प्रश्न पुराचा येतो. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, तेवढ्या भरवशावर निर्णय घेतला.

टाकीच्या इतर कामांची वही वेगळी आहे. इथं फक्त पाणी कसं फिरवायचं त्याच्या नोंदी ठेवणार. दिवे, मीठ, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) यांवर माहिती पुष्कळ मिळते. पंप कुठं लावायचे हे विचारलं की मात्र जो तो आपल्या टाकीचा फोटो दाखवतो, आणि दुसऱ्याच्या टाकीतले खडक माझ्या टाकीत नसतात.

मी यात पडलो ते मालवणमुळे. २०१६ च्या दिवाळीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात डोकं घातलं. रंगांपेक्षा जास्त लक्षात राहिलं ते हेलकावणं. लाट आली की मी, मासे, शेवाळ, सगळे एका बाजूला. क्षणभर थांबून सगळे परत. नदीकाठी वाढलेल्या माणसाला पाणी एकाच दिशेनं जाताना बघायची सवय असते. तिथं पाणी जात होतं आणि परतही येत होतं.

तिथलं काही उचलून आणायचा विचारही मनात नाही. आपल्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातला खडक आणणं म्हणजेही तेच. माझे खडक कारखान्यात भाजलेले, सच्छिद्र, कृत्रिम आहेत. प्राणी येतील ते टाकीतच वाढवून तोडलेले मऊ प्रवाळांचे तुकडे : लेदर, झोआ, मश्रूम.

९ जानेवारी

आज कागदावरचं गणित. हौशी मंडळींचा ढोबळ नियम असा : मऊ प्रवाळांना ताशी टाकीच्या दहा ते वीस पट पाणी फिरावं, मिश्र टाकीला वीस ते चाळीस पट, फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांना त्याहून जास्त. मी तीस पट धरलं. ९०० गुणिले ३० म्हणजे ताशी २७,००० लिटर.

रात्री जेवताना अण्णांना आकडा सांगितला. अण्णांची उमेदीची वर्षं किर्लोस्करवाडीला पंपांच्या कारखान्यात गेली, नंतर इथं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, जे आता मी चालवतो. ते म्हणाले, "नेमप्लेट वाचून पाणी मोजतोस व्हय? दारं धरलीस न्हाईस कधी. पहिल्या सरीला कुणीबी पाणी पाजतंय. शेवटच्या सरीत पोचलं का ते बघायचं असतंय."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१४ जानेवारी

रिटर्न पंपाची चाचणी. टाकीतलं पाणी काठाजवळच्या ओव्हरफ्लोतून खाली स्टँडमधल्या संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या छोट्या टाकीत, पडतं आणि हा पंप ते पुन्हा वर ढकलतो. पेटीवर ताशी १०,००० लिटर लिहिलंय. पाइप, तीन एल्बो, एक व्हॉल्व्ह जोडून वरच्या तोंडाखाली २० लिटरची बादली धरली. तीन वेळा मोजलं, १३ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी साधारण ५,५०० लिटर, छापील आकड्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त.

यात कुणाची फसवणूक नाही. छापील आकडा शून्य हेडवरचा, म्हणजे पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. आमच्याकडे मोटार घेऊन येणाऱ्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही, त्याच्या विहिरीची खोली त्याला पाठ असते. इथं चढ सव्वा-दीड मीटरचाच आहे, पण एल्बोंचं घर्षण मिळवलं की निम्मं पाणी त्यातच खर्च होतं. मीटरवर ७२ वॅट दिसले.

वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीच्या आत काचेला चुंबकानं धरलेल्या पंपाचं, तसं नसतं. त्याचं ओढणं आणि फेकणं एकाच पाण्यात, चढ शून्य. म्हणून ताशी १२,००० लिटर हलवणारा वेव्हमेकर २५-३० वॅटमध्ये भागवतो. जे अण्णांना पटवायला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं ते त्यांनी एका वाक्यात संपवलं : "उचलायचं न्हाई, नुसतं ढकलायचं, मग वीज कशाला लागतीय?"

यावरून एक गोष्ट ठरली. टाकीतलं पाणी हलवण्यासाठी रिटर्न पंप मोठा घ्यायचा नाही. संपमधून ताशी पाच-सहा पट पाणी गेलं की गाळणीचं काम भागतं; बाकीचं हलवणं वेव्हमेकरनं करायचं.

याच दिवशी पंप बंद करून उलटं पाणी किती उतरतं तेही पाहिलं. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ४ सेंटिमीटर होतं. वीज गेली की ते तोंड उघडं पडेपर्यंत पाइप सायफनसारखा पाणी खाली ओढतो. या आकाराच्या टाकीत ४ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटरच्या वर. संप काठोकाठ आला. तोंड वर घेऊन २ सेंटिमीटरवर ठेवलं, आता ३० लिटरच उतरतात. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावलेला नाही. त्या झडपेत चुन्याचा खडा अडकला की ती बंद होत नाही, आणि ती बंद होईल या विश्वासावर माणूस रात्री झोपलेला असतो.

२१ जानेवारी

पंपाचा प्रकार ठरवायला आठवडा गेला.

जुने पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवायचे छोटे पंप, अरुंद तोंडातून जोरात धार सोडतात. ती धार लांबवर जाईल असं वाटतं, घडतं उलट. पाण्यात सोडलेली धार तोंडाच्या व्यासाच्या साधारण सहा पट अंतरापर्यंत मधला जोर टिकवते. त्यापुढे अंतर दुप्पट झालं की मधला वेग निम्मा होतो. तोंड २ सेंटिमीटर असेल तर १२ सेंटिमीटरनंतर ओसरायला लागते आणि सात फुटांवरच्या काचेशी सहा टक्केही उरत नाही. शिवाय पहिल्या वीतभर अंतरात ती इतकी तिखट असते की समोर आलेल्या प्रवाळाचं मांस सोलून निघेल. पंख्याच्या वेव्हमेकरचं तोंड ८ सेंटिमीटर धरा. जोर ४८ सेंटिमीटरपर्यंत टिकतो आणि सात फुटांवर वीस-बावीस टक्के पोचतो. जाळी आणि पंख्याचा पीळ यांमुळे प्रत्यक्षात कमी भरेल, पण रुंद तोंडाचं पाणी लांब जातं आणि जवळच्याला मारत नाही, हे खरं.

तिसरा प्रकार आडव्या दंडगोल पात्याचा, जो पाण्याची चादर फेकतो. लांब टाकीत काचेलगत पाणी पळवायला तो उत्तम. मला त्याची सफाई किचकट वाटली, भाग बारीक आणि बरेच. चौथा म्हणजे मोटार काचेबाहेर आणि पंखा आत, मध्ये फक्त चुंबकाची ओढ. मोटारीची उष्णता बाहेर राहते, सांगलीच्या उन्हाळ्यात हे मोलाचं. पण किंमत ऐकून तो बेत पुढे ढकलला.

ठरलं ते असं : ताशी १२,००० चे दोन आणि ८,००० चा एक, तिन्ही २४ व्होल्ट डीसी, वेग कमीजास्त करता येणारे. एकच राक्षसी पंप घेतला तर तो बिघडल्या दिवशी सगळंच थांबतं.

२८ जानेवारी

गळती तपासायला टाकी गोड्या पाण्यानं भरली होती, खडक रचलेले, वाळू अजून नाही. पहिला बेत असा होता की तिन्ही वेव्हमेकर मागच्या काचेला लावायचे, म्हणजे समोरून दिसणार नाहीत. तसे लावले, शंभर टक्क्यांवर चालू केले. पृष्ठभाग उकळल्यासारखा दिसत होता, मला तर फार समाधान वाटलं.

अण्णांनी घरातून वाटीभर हळद आणली. सांगलीच्या घरात हळदीला तोटा नाही. पाण्यात कालवून ती रिटर्नच्या तोंडाशी ओतली. पाच मिनिटांत सगळी टाकी पिवळी. मग आम्ही तासभर वाट बघितली.

तासाभरानं तळ नकाशासारखा वाचता आला. मध्ये, पंपांच्या समोर, तळ धुतल्यासारखा स्वच्छ. पुढचे दोन्ही कोपरे पिवळे. उजव्या मोठ्या खडकामागे हाताच्या पंज्याएवढ्या जागेत जाड थर. डाव्या खडकाच्या गुहेतही तेच. मागच्या काचेवरून सुटलेलं पाणी अडीच फुटांवरच्या पुढच्या काचेवर आपटून तिथंच विरत होतं; सात फुटांच्या लांबीचा त्याला काही उपयोगच नव्हता. वरचं उकळणं बघून मी फसलो होतो.

हळदीच्या जागी माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं धरायचं. ते तिथं कुजणार, नायट्रेट-फॉस्फेट वाढवणार, शेवाळ पोसणार.

एक खबरदारी लिहून ठेवतो : हळदीनं सांध्यांचं सिलिकॉन किंचित पिवळं पडलं. रंग उजेडात उडतो, त्यामुळे दिवा रोज दहा तास लावून ठेवतो आहे. पाणी सगळं काढून टाकलं, दोनदा धुतलं. जनावरं असलेल्या टाकीत हा प्रयोग करू नये.

३ फेब्रुवारी

दोन्ही मोठे पंप आखूड काचांवर हलवले, समोरासमोर, पाण्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागात. डावा थोडा पुढच्या काचेकडे, उजवा थोडा मागच्या काचेकडे, म्हणजे धारा नाकासमोर भिडणार नाहीत, एकमेकींच्या अंगावरून जातील.

रात्री अकरा वाजता दाणकन आवाज. डावा पंप निसटून तळावर पडला होता आणि तोंड वर करून पाणी छताच्या दिशेनं फेकत होता. जमिनीवर दीड बादली पाणी. त्याचं चुंबक १२ मिलिमीटर काचेपर्यंतचं होतं, माझी काच १५. पेटीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. वाळू आणि जनावरं असती तर प्रकरण वेगळं झालं असतं. दोन्ही मोठ्या पंपांना जाड काचेची चुंबकं मागवली, आणि वायर वरच्या पट्टीला एका गाठीनं बांधली, म्हणजे चुंबक सुटलं तरी पंप खाली जाणार नाही.

या वायरींना प्लगच्या आधी खाली लोंबता फास दिला. वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी फासाच्या तळाशी थेंबून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तर आधीपासून आहेच. हे दुकानातलं शिक्षण.

११ फेब्रुवारी

मीठ घातलं. ३६ ग्रॅम लिटरला, संपसकट हजार लिटरला ३६ किलो. क्षारता ३५.

हळदीनं गाळ कुठं बसतो ते कळलं, पण किती पाणी कुठं फिरतं ते कळलं नाही. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. कल्पना माझी नाही. हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी १९७१ साली समुद्री शेवाळाच्या अभ्यासात पाण्याची हालचाल अशीच मोजली होती : प्लास्टरचे सारखे गोळे पाण्यात ठेवायचे, ठरावीक वेळानं काढून वजन करायचं. जिथं पाणी जास्त हलतं तिथं गोळा जास्त झिजतो. ना यंत्र, ना तार.

हार्डवेअरच्या दुकानातून पीओपीची पिशवी आणली, बर्फाच्या ट्रेमध्ये १४ वड्या पाडल्या. पंख्याखाली चार दिवस वाळवल्या, दोन दिवस वजन बदललं नाही तेव्हा पुरे म्हटलं. वडी सरासरी ३० ग्रॅम. प्लास्टर म्हणजे जिप्सम, विरघळल्यावर पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट वाढतं. शंभरेक ग्रॅम विरघळलं तरी ९०० लिटर पाण्यात लिटरमागे पंचवीस-तीस मिलिग्रॅमच कॅल्शियम वाढतं, पण तरीही जनावरं येण्याआधीच हे उरकून घेणं बरं.

१५ फेब्रुवारी

१२ जागी १२ वड्या, चोवीस तास. तेरावी त्याच पाण्याच्या स्थिर बादलीत, तुलनेसाठी. चौदावी तडकली होती, टाकून दिली. काढून, वाळवून, पुन्हा वजन.

स्थिर बादली : २.४ ग्रॅम झिजली. टाकीच्या मध्यावर पुढे : ९.८. डाव्या खडकाच्या माथ्यावर : ११.३. पुढचे कोपरे : ६.१ आणि ५.८, म्हणजे पंप आखूड काचांवर नेल्याचा फायदा दिसतोय. डावी गुहा : ४.९. उजव्या खडकामागे : ३.१.

३.१ म्हणजे बादलीपेक्षा जेमतेम थोडं जास्त. ताशी ३२,००० लिटर फिरवणारे पंप चालू असताना टाकीच्या एका जागी पाणी जवळजवळ उभं आहे. लेकीनं, ती बारावीला आहे, आकडे वहीत उतरवताना विचारलं, "बाबा, चौथा पंप घ्यायचा का मग?" मीही तेच म्हणणार होतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अण्णांना घेऊन घाटावर गेलो होतो. कृष्णेला पाणी कमी. आयर्विन पुलाच्या खांबांकडे बोट करून अण्णांनी दाखवलं : खांबाच्या वरच्या अंगाला पाणी फुटतं, दोन्ही बगलांनी पळतं, आणि खांबाच्या मागं भोवरा धरून मंदावतं. गाळ मागच्या बाजूलाच साठतो. १९२९ चा पूल, दर पावसाळ्यात केवढं पाणी अंगावर घेतो, तरी खांबामागची ती जागा तशीच. "वरनं आणखी पाणी सोडलं म्हणून त्याच्या पाठीमागं जाईल व्हय? बगलंनं जास्त पळंल, एवढंच."

घरी येऊन पंपांच्या आधी खडक हलवले. उजवा मोठा खडक मागच्या काचेला टेकवून रचला होता, भिंतीसारखा. सगळेच तसं रचतात, दिसायला भरगच्च वाटतं. तो पाडला. मागे चार बोटं वाट सोडली, खाली पायांवर उभा केला, मधून आरपार दोन भोकं ठेवली. आधी एक ओंडका होता, आता वडाच्या पारंब्यांसारखं झालं. डाव्या गुहेला मागून एक खिडकी पाडली, छिन्नीनं.

८,००० चा छोटा पंप मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, तळापासून वीतभर वर, तोंड खडकामागच्या नव्या वाटेत, काचेला समांतर. तो कुठल्याच प्रवाळाकडे बघत नाही. त्याचं काम एकच, मागचा पाट वाहता ठेवणं आणि गाळ उचलून ओव्हरफ्लोच्या बाजूला नेणं.

२५ फेब्रुवारी

नव्या वड्या, त्याच जागा, तेच तापमान. उजव्या खडकामागे ३.१ चं ६.७ झालं. डावी गुहा ४.९ ची ७.०. मध्यावर ९.८ चं ९.१, थोडं उतरलं. पाणी वाढलं नाही, वाटून गेलं. आणि हे दोन्ही मोठे पंप शंभरऐवजी सत्तर टक्क्यांवर ठेवून.

चौथा पंप घेतला नाही.

१० मार्च

आता दिशेचा प्रश्न. पाणी कायम एकाच बाजूनं आलं तर खांबामागची गोष्ट घडणारच. दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं आलं तर आजची सावलीची बाजू उद्याची तोंडाची होते. म्हणून डावा सहा तास सत्तर टक्के आणि उजवा तीस, मग उलट, आणि दोन्ही वेळांच्या मध्ये तासभर दोघेही सेकंदा-सेकंदाला कमीजास्त. मालवणचं हेलकावणं याहून वेगवान होतं, काही सेकंदांत दिशा बदलणारं. तेही करून पाहिलं, आणि त्यातून पुढचा प्रसंग.

एका पंपानं नेमक्या लयीत ठोसे दिले की टाकीतलं पाणी झोपाळ्यासारखं झुलायला लागतं. लेकीनं लांबी आणि खोली घालून गणित केलं : एका हेलकाव्याला २ सेकंद. कंट्रोलर तसा लावला आणि अर्ध्या मिनिटात पाणी टोकाला तीन सेंटिमीटर चढायला लागलं. दृश्य देखणं होतं. वड्या लावल्या असत्या तर कदाचित झीजही छान आली असती. पण स्टँड कुरकुरला. ९०० किलो पाणी दर दोन सेकंदांनी या टोकाचं त्या टोकाला झुकतंय, त्याचा ताण सिलिकॉनच्या सांध्यावर दिवसाला त्रेचाळीस हजार वेळा. आमचा स्टँड उभं वजन पेलायला वेल्ड केलेला आहे, आडवे हिसके सोसायला नाही. बंद केलं. ज्यांना ही लाट हवी आहे त्यांनी स्टँड बनवण्याआधीच फॅब्रिकेटरला सांगावं, तिरपे आधार घालून घ्यावेत.

यानंतर वाळू टाकली. साखरेसारखी बारीक न घेता एक-दोन मिलिमीटरची भरड. बारीक वाळूत पहिल्या दिवशीच खड्डे आणि टेकड्या होतात.

९ एप्रिल, पाडवा

पहिले प्रवाळ आले : दोन लेदर, झोआंच्या चार चकत्या, मश्रूमचे सहा तुकडे. मासे दोन, क्लाउन.

जागा वड्यांच्या आकड्यांवरून ठरवल्या. लेदर डाव्या खडकाच्या माथ्यावर, जिथं झीज सर्वांत जास्त होती. लेदर अधूनमधून कात टाकल्यासारखी मेणचट पापुद्रा सोडतो. तो धुऊन नेणारं पाणी नसेल तर त्याखाली सडतो. झोआ मध्यम जागी. मश्रूमना संथ पाणी आवडतं, ते डाव्या गुहेच्या दाराशी. अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लेकीला हवा आहे, मी नाही म्हटलं. तो चालत फिरतो, आणि एके रात्री पंपाच्या जाळीत शिरला तर त्याचे तुकडे सगळ्या टाकीत पसरतात. जाळीवर स्पंज लावता येतो, पण स्पंज लावला की पंपाचा प्रवाह बराच घटतो.

हवा चाळिशीला टेकली आहे, टाकी २९.५ अंशांवर. पाण्यातल्या पंपाचा प्रत्येक वॅट शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरतो. माझे रिटर्नसकट सव्वाशेच्या आसपास. वरून दोन पंखे फिरतात, दिवसाला १२ लिटर पाणी उडून जातं आणि तेवढं आरओ पाणी भरावं लागतं. एक लिटर उडताना साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं, म्हणजे १२ लिटरला आठ युनिट. पंप घालतात त्याहून जास्त उष्णता पंखे काढून नेतात, उन्हाळा त्यांनीच सांभाळलाय.

तापलेल्या दिवसांत प्रवाह कमी करू नये, हेही नोंदवून ठेवतो. ओकिनावाच्या प्रवाळांवर काम करणाऱ्या नाकामुरा आणि व्हॅन वोसिक यांनी २००१ साली मांडलं की १९९८ च्या विरंजनात (तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरे पडण्यात) कोणते प्रवाळ जगले आणि कोणते मेले, यातला काही फरक पाण्याच्या वेगावरून उलगडतो. प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर असतो. देवाणघेवाण त्यातून होते. पाणी वेगानं गेलं की तो थर पातळ होतो आणि उन्हात पेशींत साठलेली घातक द्रव्यं बाहेर पडायला वाट मिळते.

१२ मे

काल रात्री वळिवानं झोडपलं. अकराला वीज गेली, तीन वाजून दहा मिनिटांनी आली.

याची तयारी मार्चमध्येच केली होती. १२ व्होल्टच्या २६ अ‍ॅम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट. चार्ज झालेली जोडी २७ व्होल्टच्या वर जाते आणि पंपाचा कंट्रोलर तेवढं सोसेलच असं नाही, म्हणून मध्ये २४ वर धरून ठेवणारा कन्व्हर्टर. वीज गेली की रिले सुटतो आणि फक्त उजवा पंप तीस टक्क्यांवर चालतो, ८ वॅट. अर्ध्या बॅटरीतच दीड दिवसाच्या आसपास निघेल. रिटर्न बंद, तो चालवण्यात वीज घालवायची नाही.

उजवा पंप यासाठीच किंचित वर तोंड करून लावला आहे, पृष्ठभाग हलता राहावा म्हणून. ३० अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरला ६.२ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. रात्री प्रवाळ, मासे, जिवाणू सगळे तो वापरतात, कुणी तयार करत नाही. पाणी उभं राहिलं तर वरच्या थराखाली तो झपाट्यानं संपतो.

टॉर्च घेऊन दर तासाला उठलो. क्लाउन शांत होते, वर येऊन हपापत नव्हते. संपमध्ये ३० लिटर उतरले, सांडलं काही नाही.

२३ जून

पहिली सफाई. तीन महिने झाले म्हणून नाही, पाणी मंदावलं म्हणून. डाव्या पंपासमोर गोठवलेल्या खाण्याचा कण सोडून मोबाइलवर चित्रण करतो. मार्चमध्ये ६० सेंटिमीटर कापायला पावणेतीन सेकंद लागत, काल चार लागले. जाळीवर जांभळा चुना, पात्याच्या आसावर पांढरा थर.

बादलीभर पाण्यात चार चमचे लिंबूसत्व, पंप त्यात तासभर चालता ठेवला. चुना फसफसून सुटला. मऊ ब्रशनं रोटरची विहीर घासली. चिनी मातीचा आस आहे, पडला तर तुटतो, म्हणून टेबलावर टॉवेल घालून. पुन्हा मोजलं, पावणेतीन. एका वेळी एकच पंप काढायचा, बाकीचे चालू.

लेदर गेले चार दिवस मिटून बसला होता, चकचकीत पापुद्रा धरून. मी घाबरलो नाही, पण दिवसातून दहादा बघत होतो. पंप पुन्हा लावल्यावर रात्री उजव्याची पाळी आली, पाणी मागच्या अंगानं आलं, आणि सकाळी पापुद्र्याचं भोकं पडलेलं फडकं ओव्हरफ्लोच्या कंगव्यावर अडकलेलं होतं. दुपारपर्यंत लेदरनं सगळे केस बाहेर काढले.

संध्याकाळी अण्णा खुर्ची घेऊन टाकीच्या बाजूला बसले आणि टॉर्च उजव्या खडकामागच्या वाटेत मारला. बराच वेळ बघत होते. वाळूवर थोडा गाळ होता, बोटभर लांबीचा, पंपापासून सर्वांत लांबच्या टोकाला. "हितं अजून पोचत न्हाई," ते म्हणाले. उद्या छोटा पंप पाच अंश खाली वळवून बघतो.